बटण कुठे आणि बोट कुठे?

मोबाईल विकत घेताना कॅमेरा पाहिला जातो, बॅटरी पाहिली जाते, किंमत तर पाहिलीच जाते. पाहिला जात नाही तो फक्त वापरणाऱ्याचा हात. पण अडचणीच्या वेळी उपयोगी पडते ते बोटाखाली आलेले बटणच!

जबलपूरमध्ये अधारतालच्या बाजूला महाराजपूर ही वस्ती आहे. इथल्या मोबाईलच्या दुकानात घटकाभर उभे राहिले, तर जे प्रश्न कानावर पडतात ते पुण्या-नागपूरच्या दुकानांपेक्षा काही निराळे नसतात. भाषा तेवढी हिंदी. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा? मेमरी किती? हप्त्यावर मिळेल का? फोन पसंत करतो मुलगा, पैसे देतात वडील आणि वापरायचा असतो आईला, नाहीतर सत्तरी ओलांडलेल्या आजीला. जिच्या हातात तो दिवसभर राहणार, तिचा पंजा केवढा आहे, तिचा अंगठा कुठवर पोहोचतो, हा प्रश्न मात्र ना गिऱ्हाईक विचारते ना दुकानदार.

मग घरी आल्यावर ठरलेला संवाद सुरू होतो.

“अगं आई, बाजूचं बटण दाब ना.”

“कुठलं? इथे दोन आहेत.”

“खालचं. अगं, ते नाही, तो आवाज कमी झाला!”

“मग मला पुन्हा जुना फोनच आणून दे.”

आईला समजत नाही, असा निष्कर्ष काढून मुलगा मोकळा होतो. परंतु खरोखरच चूक आईची असते का? दोन सारखीच दिसणारी, सारखीच लागणारी बटणे एकाखाली एक ठेवली, तर बोट चुकणारच. आपल्याच घरातले उदाहरण घ्या. दिवाणखान्यातल्या आठ बटणांच्या बोर्डावर पंख्याचे बटण पाहुण्याला पहिल्या खेपेस कधी सापडते का? घरच्यांना सापडते, कारण त्यांच्या हाताला वर्षानुवर्षांची सवय असते. वस्तू माणसाच्या शरीराला आणि सवयीला अनुकूल कशी करावी, याचा विचार करणारे एक स्वतंत्र शास्त्रच आहे. त्याला अर्गोनॉमिक्स म्हणतात. खुर्चीची उंची, कुकरच्या दांड्याची जाडी, शिलाई मशीनच्या पायट्याचा उतार, हे सारे त्याच्या कक्षेत येते आणि मोबाईलचे बटणही.

कारखान्यातले लाल बटण

खरे म्हणजे हा विषय जबलपूरकरांना परका वाटू नये. या गावाचे टेलिफोनशी नाते जुने आहे. १९४२ साली येथे दूरसंचार प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. रिज रोडवरची ही संस्था पुढे भारतरत्न भीमराव आंबेडकर यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. २००५ साली येथेच एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. माहिती तंत्रज्ञानाबरोबर डिझाईन आणि उत्पादन हे शब्दही तिच्या नावातच आहेत. पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या नावाने असलेल्या या संस्थेत वस्तूंचे डिझाईन हा शिकवण्याचा एक विषय आहे.

शिवाय जबलपूर हे कारखान्यांचे गाव. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची, व्हेईकल फॅक्टरी १९६९ सालची. ज्याने कारखान्यात यंत्रावर काम केले आहे, त्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. यंत्र तातडीने थांबवण्याचे बटण लाल असते, छत्रीसारखे वर आलेले असते आणि ते बोटाने नव्हे, तर तळहाताने थोपटले तरी चालते. संकटात सापडलेला माणूस शोधत बसत नाही, वाचत बसत नाही. त्याचा हात नुसता त्या दिशेला जातो. म्हणूनच ते बटण मोठे, वेगळ्या रंगाचे आणि सहज हाताला लागेल अशा जागी असते.

आता आपल्या खिशातला फोन काढून पाहा. संकटात मदत मागायची तर त्याचे बटण कुठे आहे? काठावर बसवलेली बोटाच्या पेराएवढी एक बारीक पट्टी. रंग फोनचाच. तिच्या शेजारी तशीच दुसरी पट्टी. वरून जाड रबरी कव्हर!

विमानाच्या खटक्यांची गोष्ट

बटणाची जागा चुकली म्हणजे काय होते, हे जगाला कळले ते दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेची बी-१७ जातीची बाँबफेकी विमाने धावपट्टीवर सुखरूप उतरत आणि नंतर एकाएकी पोटावर बसत. वैमानिक पंखांच्या झडपा मिटवण्याऐवजी चाकेच आत ओढून घेत होते. वैमानिक निष्काळजी आहेत, असाच सर्वांचा समज होता.

आल्फोन्स चापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने विमानाच्या आत बसून पाहिले आणि त्याला निराळेच कारण दिसले. चाकांचा आणि झडपांचा असे दोन्ही खटके शेजारी शेजारी होते आणि हाताला अगदी सारखे लागत. दमलेल्या, रात्रीच्या अंधारात उतरणाऱ्या माणसाने ते ओळखायचे तरी कसे? त्याने सुचवलेला उपाय एखाद्या सुताराला सुचावा इतका साधा होता. चाकांच्या खटक्याला रबरी चाकासारखी मूठ आणि झडपांच्या खटक्याला पाचरीसारखी मूठ. डोळ्यांनी न पाहता हाताने ओळखता यावे, एवढाच हेतू. या चुका त्यानंतर थांबल्या. आजही प्रवासी विमानांत चाकांच्या खटक्याची मूठ चाकासारखी गोल असते.

या गोष्टीचा धडा असा, की एकच चूक जर अनेक माणसे करू लागली, तर माणसांना दोष देण्याआधी वस्तूकडे पाहावे. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुठल्याही गृहिणीला हे पटेल. मीठ आणि पिठीसाखर एकसारख्या डब्यांत भरून शेजारी शेजारी ठेवली, तर कधीतरी चहा खारट होणारच!

एक-दोन-तीन वरच का?

युद्धानंतर हेच चापानिस टेलिफोनकडे वळले. तोपर्यंत फोनला बोट घालून फिरवायची तबकडी असे. बटणांचा फोन करायचा तर आकडे कुठे बसवावेत? चापानिस आणि मेरी लुट्झ यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांनाच विचारले, की अशा फळीवर कुठला आकडा कुठे असावा असे तुम्हाला वाटते? बहुतेकांनी एक-दोन-तीन वरच्या ओळीत घातले. पुस्तक वाचावे तसे, डावीकडून उजवीकडे, वरून खाली.

त्यानंतर अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत डेनिंजर या संशोधकाने बटणांच्या डझनाहून अधिक मांडण्या माणसांकडून वापरून घेतल्या. वर्तुळाकार, दोन आडव्या ओळी, दोन उभ्या ओळी. प्रत्येक वेळी किती वेळ लागतो, किती चुका होतात आणि माणसाला काय आवडते, याची नोंद झाली. १९६० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि १८ नोव्हेंबर १९६३ रोजी बटणांचा फोन अमेरिकेत ग्राहकांच्या हाती पडला. तीन ओळींत नऊ आकडे आणि खाली शून्य. आज आपल्या मोबाईलवर आकडे दिसतात ते याच क्रमाने. कॅल्क्युलेटरवर मात्र सात-आठ-नऊ वर असतात, कारण त्याचे घराणे हिशेबाच्या यंत्रांचे आहे. म्हणूनच दुकानाच्या गल्ल्यावर दिवसभर कॅल्क्युलेटर चालवणाऱ्याचे बोट फोन लावताना कधीकधी अडखळते.

जुना बटणांचा मोबाईल घरात असेल, तर त्याच्या ५ या आकड्यावर बोट फिरवून पाहा. एक बारीक ठिपका किंवा रेघ हाताला लागेल. मधले बटण सापडले की भोवतालचे आठ आकडे न पाहता दाबता येतात. दृष्टिहीन माणसाला, अंधारात चाचपडणाऱ्याला, चष्मा विसरलेल्या आजोबांना त्या एका ठिपक्याने किती आधार दिला असेल! ‘मला जुनाच फोन बरा’ असे म्हणणाऱ्या ज्येष्ठांच्या हट्टामागे असे एक कारणही असते. त्यांची बोटे त्या फोनवर वाचू शकत होती.

अंगठ्याची धाव

भारतात पहिला मोबाईल फोन खणखणला तो ३१ जुलै १९९५ रोजी. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्यानंतर बारा वर्षांनी, २००७ मध्ये, पहिला आयफोन आला आणि आकड्यांची बटणे काचेच्या आत गेली. पडदा होता साडेतीन इंचांचा आणि वजन १३५ ग्रॅम. एका हातात धरून अंगठ्याने सगळीकडे पोहोचता येत असे. आज बाजारातले बहुतेक फोन साडेसहा इंचांच्या आसपास आहेत आणि वजन दोनशे ग्रॅमच्या घरात गेले आहे. फोन वाढला, अंगठा मात्र तेवढाच राहिला.

याचा पहिला परिणाम बटणावर झाला. फोन चालू-बंद करण्याचे बटण पूर्वी अनेक फोनांत माथ्यावर असे. फोन उंच झाल्यावर तिथवर बोट पोहोचेना. २०१४ साली आयफोनने ते उजव्या काठावर आणले. त्याच्या आधी २०१३ मध्ये एलजी कंपनीने एका फोनची बटणे चक्क पाठीवर, तर्जनी टेकते तिथे बसवून पाहिली होती. ती पद्धत रुजली नाही. उजवा काठ मात्र बहुतेकांनी स्वीकारला, कारण उजव्या हातात फोन असेल तर तिथे अंगठा येतो आणि डाव्या हातात असेल तर तर्जनी किंवा मधले बोट.

लोक फोन धरतात तरी कसा? स्टीव्हन हूबर या अभ्यासकाने २०१३ साली रस्त्यावर, गाड्यांत, उपाहारगृहांत फोन हाताळणाऱ्या माणसांची निरीक्षणे नोंदवली. पडद्याला स्पर्श करणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक एका हाताने फोन वापरत होते, ३६ टक्के एका हातात धरून दुसऱ्या हाताने आणि १५ टक्के दोन्ही अंगठ्यांनी. म्हणजे जवळजवळ निम्म्यांचे सारे काम एका अंगठ्यावर चाललेले. अंगठा पडद्यावर पंख्यासारखी एक कमान काढतो. त्या कमानीच्या आत जे असेल ते सोपे आणि बाहेर असेल ते अवघड. लक्ष्य जितके लांब आणि जितके लहान, तितका तिथे पोहोचायला वेळ जास्त, असे पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच मांडून ठेवले होते.

यात बायकांची अडचण अधिक. बायकांचा पंजा सरासरीने पुरुषांपेक्षा लहान असतो, पण दुकानात बायकांच्या मापाचा फोन असा वेगळा मिळत नाही. २०१८ मध्ये आयफोनचे छोटे मॉडेल बंद झाले, तेव्हा ब्रिटनमध्ये काही महिलांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘इन्व्हिजिबल विमेन’ या पुस्तकात कॅरोलिन क्रियाडो पेरेझ यांनी अशा अनेक वस्तूंची उदाहरणे दिली, ज्या पुरुषाचे माप हेच माणसाचे माप समजून बनवल्या जातात. आपल्याकडेही मापे घेतली गेली आहेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेने १९९७ साली देबकुमार चक्रवर्ती यांचे भारतीय माणसांच्या शरीरमापांवरील पुस्तक प्रसिद्ध केले. उंची, खांदा, गुडघा यांच्याबरोबर हाताचीही मापे त्यात आहेत. वस्तू भारतीय हातासाठी करायची, तर मोजपट्टी उपलब्ध आहे!

तीन वेळा दाबा

बटणाची जागा ही केवळ सोयीची बाब नाही. कधीकधी ती जिवाची बाब होते. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी जे उपाय चर्चिले गेले, त्यांत मोबाईलमध्ये संकटकाळचे बटण हवे ही मागणी होती. केंद्र सरकारने एप्रिल २०१६ मध्ये त्याचे नियम जाहीर केले. साध्या फोनवर ५ किंवा ९ हा आकडा दाबून धरला की, आणि स्मार्टफोनवर चालू-बंदचे बटण लागोपाठ तीन वेळा दाबले की, तातडीचा फोन लागला पाहिजे, असे त्यात ठरले. स्मार्टफोनसाठी वेगळे बटण दाबून धरण्याचाही पर्याय होता. १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनांत ही सोय असावी, असे हे नियम सांगत होते.

पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांसाठी ११२ हा एकच क्रमांक राज्याराज्यांत टप्प्याटप्प्याने सुरू झाला. मध्य प्रदेशात २०१५ पासून ‘डायल १००’ ची गाडी धावत होती. २०२५ मध्ये तिची जागा ‘डायल ११२’ ने घेतली.

पण ही सोय आपल्या फोनमध्ये आहे, ती कशी चालते, हे घरातल्या किती जणींना ठाऊक असते? अनेक फोनांत तेच बटण दोनदा दाबले की कॅमेरा उघडतो आणि तीनदा दाबले की पोलिसांना फोन जातो. काही फोनांत तीनदा नव्हे, पाचदा दाबावे लागते. घाबरलेला माणूस मोजून दाबणार कसा? शिवाय कव्हर घट्ट असेल, तर तीनपैकी एखादी दाब वायाच जाते.

याची उलट बाजूही आहे. बटण फार सोपे केले तर ते नको तेव्हा दाबले जाते. अँड्रॉईड फोनांत बटण पाच वेळा दाबून तातडीचा फोन लावण्याची सोय आली. २०२३ मध्ये ब्रिटनच्या पोलिसांनी तक्रार केली, की खिशात किंवा पर्समध्ये चुकून बटण दाबले गेल्याने त्यांच्या ९९९ या क्रमांकावर येणाऱ्या मुक्या फोनांचा पूर आला आहे. एकेका मुक्या फोनमागे कर्मचाऱ्याचा वेळ जातो आणि तेवढा वेळ खरोखर संकटात असलेला माणूस ताटकळतो. सहज दाबता यावे, पण चुकून दाबले जाऊ नये, हे दोन्ही साधायचे म्हणजे डिझाईन करणाऱ्याची खरी परीक्षा असते.

बटणे गेली, खुणा आल्या

पहिल्या आयफोनच्या तळाशी एकच गोल बटण होते. काहीही बिघडले, कुठेही हरवलात, तरी ते दाबले की पहिल्या जागी परत. नवख्या माणसाला केवढा दिलासा! २०१७ च्या आयफोन टेनमध्ये ते नाहीसे झाले. अँड्रॉईडवर मागे, घर आणि उघडलेली पाने अशी तीन बटणे पडद्याच्या तळाशी दिसत. २०१९ पासून तीही लपवता येऊ लागली आणि त्यांची जागा बोट सरकवण्याच्या खुणांनी घेतली. काठावरून आत सरकवले की मागे, खालून वर सरकवले की घरी.

तरुणांना हे आवडते. पडदा मोकळा दिसतो, काम झटपट होते. परंतु बटण दिसते, खूण दिसत नाही. जी गोष्ट दिसत नाही ती लक्षात ठेवावी लागते आणि सत्तरीनंतर लक्षात ठेवण्याचे ओझे कोणाला हवे असते? त्यात वयपरत्वे बोटे कोरडी पडतात, थरथरतात, आणि काचेला त्यांचा स्पर्श नीट कळत नाही. कणकेने भरलेल्या किंवा ओल्या हातांचीही तीच गत. काही फोनांत तर चालू-बंदचे बटण दाबून धरले तरी फोन बंद होत नाही, बोलका मदतनीसच हजर होतो. फोन बंद करायला त्याच्याबरोबर आवाजाचेही बटण दाबावे लागते. नाव एक आणि काम दुसरेच, असे झाल्यावर आजीने चिडू नये तर काय करावे?

‘ळ’ कुठे बसतो?

जबलपूरच्या मराठी घरांत आणखी एक अडचण असते. बाहेर हिंदी, घरात मराठी. फोनवरचा कळफलक बहुधा हिंदीचा. मग ‘शाळा’, ‘बाळ’, ‘काळजी’ लिहायचे तर ‘ळ’ कुठे? अनेकदा तो ‘ल’ दाबून धरल्यावर निघतो. ते ठाऊक नसल्याने ‘बाल ठीक आहे’ असा निरोप माहेरी जातो आणि वाचणाऱ्याला वाटते केसांबद्दल काही चालले आहे!

देवनागरीतली अक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांची बटणे कशी मांडावीत, हा प्रश्न टंकलेखन यंत्रांपासूनचा आहे. केंद्र सरकारच्या पुढाकाराने १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट ही मांडणी तयार झाली आणि १९९१ साली ती भारतीय मानकात आली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने अशी ती रचना आहे. पण ती दहा बोटांनी, टेबलावरच्या कळफलकासाठी. एका अंगठ्यासाठी नव्हे.

मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक डिझाईन केंद्रात प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंगठ्याचा विचार करून ‘स्वरचक्र’ हा कळफलक तयार केला. २०१३ मध्ये तो सर्वांसाठी मोफत खुला झाला. यात व्यंजने बाराखडीच्या क्रमाने, शाळेत पाठ केली तशीच, मांडलेली असतात. ‘क’ वर बोट टेकवले की भोवती चक्र उमटते आणि त्यात क, का, कि, की, कु, कू दिसू लागतात. हवे तिकडे बोट सरकवले की अक्षर उमटले. ज्याला इंग्रजी येत नाही त्यालाही बाराखडी येते, हे त्यामागचे साधे तत्त्व. भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाईलवर भारतीय भाषा लिहिता-वाचता याव्यात, यासाठी भारतीय मानक ब्यूरोने २०१६ मध्ये स्वतंत्र मानकही काढले. मराठी कळफलक फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन घेता येतो. शोधायला दोन मिनिटे लागतात, पण आईचा पुढचा प्रत्येक निरोप शुद्ध जातो.

अंगठा दुखू लागला तर

मोठा फोन एका हातात पेलून करंगळीचा टेकू द्यायचा आणि अंगठा ताणून वरचे कोपरे गाठायचे, असे रोज तासन्‌तास झाले तर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला वेदना सुरू होऊ शकते. तिथल्या स्नायुबंधांच्या आवरणाला सूज येण्याच्या या विकाराचे वर्णन फ्रिट्झ द कर्व्हां या स्विस शल्यचिकित्सकाने १८९५ सालीच केले होते. मोबाईल तेव्हा नव्हता. तान्ह्या बाळाला वारंवार उचलणाऱ्या आयांना आणि पिळण्या-धुण्याची कामे करणाऱ्यांना हा त्रास पूर्वीपासून होतो. आज त्यात फोनची भर पडली आहे.

अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीच्या बाजूला हलकेच वाकवताना अंगठ्याच्या मुळाशी तीव्र कळ आली, तर ते या विकाराचे लक्षण असू शकते. अशा वेळी हाताला विश्रांती द्यावी, फोन दोन्ही हातांनी धरावा आणि दुखणे आठ-दहा दिवसांत कमी झाले नाही तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. दुखऱ्या जागी जोरजोराने चोळू नये.

फोन घेताना, फोन देताना

थोडी काळजी घेतली तर बराचसा त्रास टाळता येतो.

० फोन ज्याच्यासाठी घ्यायचा, त्याला दुकानात सोबत न्यावे. फोन एका हातात धरून, न पाहता, चालू-बंदचे आणि आवाजाचे बटण सापडते का, हे त्याच्याच हाताने पाहावे. अंगठा पडद्याच्या मध्यापर्यंत तरी विनासायास पोहोचावा.

० चालू-बंदचे आणि आवाजाचे बटण बोटाला वेगवेगळे लागते का, ते तपासावे. लागत नसेल, तर कव्हरवर त्या जागी एक छोटी टिकली किंवा नेलपॉलिशचा जाडसर ठिपका लावावा. विमानातली युक्ती घरातही चालते!

० कव्हर घेताना ते बटणावर घट्ट बसत नाही ना, ते दाबून पाहावे. फोन निसटतो असे वाटले तर मागे बोट अडकवायची कडी लावावी.

० ज्येष्ठांच्या फोनमध्ये खुणांऐवजी तळाची तीन बटणे सुरू करून द्यावीत. बहुतेक अँड्रॉईड फोनांत सेटिंगमध्ये हा पर्याय असतो. आयफोनमध्ये पडद्यावर तरंगणारे एक गोल बटण आणता येते.

० पडद्यावरची चित्रे आणि अक्षरे मोठी करावीत. बोटाने दाबायची जागा सुमारे ९ मिलिमीटरची तरी असावी, असे गूगलचे मार्गदर्शन आहे. रोज लागणारी चार-पाचच चित्रे ठेवावीत आणि तीही पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात. बाकीची आतल्या पानावर न्यावीत.

० हात कापत असेल तर ‘दाबून धरण्याचा’ अवधी वाढवून द्यावा. एका हाताने वापरताना पडदा खाली सरकवण्याची सोयही अनेक फोनांत असते.

० संकटकाळच्या बटणाची सेटिंग घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर उघडून पाहावी. किती वेळा दाबायचे, आधी उलटी मोजणी होते का, कोणाला निरोप जातो, हे प्रत्येकाला सांगून ठेवावे. सराव म्हणून ११२ ला खरोखरच फोन लावू नये. चुकून लागलाच, तर घाबरून बंद करण्याऐवजी ‘चुकून लागला’ एवढे सांगून मग ठेवावा.

एवढे करूनही आईचे बोट चुकलेच, तर तिच्यावर खेकसण्यापूर्वी क्षणभर थांबावे. तिने आयुष्यभर विळीची धार, गॅसचा कान, शिलाई मशीनचे चाक अचूक सांभाळले आहे. तिचा हात बिनचूक आहे. फोन बनवणाऱ्यांनी तिच्या हाताचे माप घेतले नाही, इतकेच. ते माप त्यांनी घ्यावे, असे ग्राहक म्हणून सांगायला आता आपणच सुरुवात करायला हवी. पुढच्या वेळी दुकानात कॅमेऱ्याची चौकशी झाली की आणखी एक प्रश्न विचारा, “बटण कुठे आहे हो याचं? जरा आईच्या हातात द्या बघू!”